नाद, मेंदू आणि भान

भेस्तानमध्ये राहणाऱ्या माणसाला नाद म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. शांतता म्हणजे काय हे मात्र सांगावे लागते. दिवसरात्र चालणाऱ्या मागांची खटखट, उधना व सचिन यांच्या दरम्यान धडधडत जाणाऱ्या गाड्या, श्रावणात खान्देशी घरांतून निघणारी कानबाईची मिरवणूक, भाद्रपदातील ढोल-ताशे आणि आश्विनातील गरबा, अशा आवाजांनी आपले वर्ष भरलेले असते. या आवाजांत अलीकडे एका नव्या आवाजाची भर पडली आहे. तो घरात कोणालाच ऐकू येत नाही. कानांत बोंडे घालून अभ्यासाला बसलेल्या मुलालाच तेवढा ऐकू येतो. स्मरणशक्ती वाढवणारा, गाढ झोप लावणारा, मेंदूचे सुप्त सामर्थ्य जागे करणारा अमुक हर्ट्झचा ध्वनी, असे त्याचे नाव असते.

बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत या विषयावरचे प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतात. दहावीच्या मुलाची आई विचारते, "डॉक्टर, हे रात्रभर ऐकले तर काही अपाय नाही ना?" गर्भवती सून घेऊन आलेल्या आजी विचारतात, "पोटातल्या बाळाला कोणते संगीत लावावे?" आणि कधी एखादे वडील खालच्या आवाजात सांगतात, "मुलीच्या अंगात येतं. डफ वाजला की सुरू होतं." तिन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. बाहेरचा ध्वनी आतल्या जाणिवेची अवस्था बदलू शकतो काय, आणि बदलत असेल तर कोणत्या मार्गाने? आज वैद्यकशास्त्राला याविषयी जे ठाऊक आहे, ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत येथे मांडत आहे.

कानापासून मेंदूपर्यंत

ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात जितकी कंपने होतात तितके त्या ध्वनीचे हर्ट्झ. निरोगी तरुण कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या मर्यादेतील ध्वनी ऐकू येतात. हे कंपन कानाच्या पडद्यावर आदळते, तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून पुढे सरकते आणि शंखासारखे वेटोळे असलेल्या कर्णावर्तात पोहोचते. कर्णावर्तातील पडदा जेमतेम ३५ मिलिमीटर लांबीचा असतो, पण त्याची रचना एखाद्या वाद्यासारखी आहे. उंच स्वर त्याच्या सुरुवातीच्या भागाला हलवतात, तर खर्जाचे स्वर टोकाच्या भागाला. जॉर्ज फॉन बेकेशी यांना कर्णावर्तातील या तरंगाच्या शोधासाठी १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पडद्यावर प्रत्येक कानात सुमारे १५,००० केसपेशी असतात. कंपनाचे विद्युत्-संदेशात रूपांतर त्या करतात. जन्मतः मिळालेली ही पुंजी आयुष्यभर पुरवायची असते, कारण माणसाच्या कानातील केसपेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. पुढील सर्व विवेचनात वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

संदेश श्रवणचेतेतून मेंदूच्या बुंध्यात व तेथून श्रवणकेंद्रात जातो. मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. हालचालीची केंद्रे, भावनांची केंद्रे, हृदयाची व श्वासाची गती सांभाळणारी केंद्रे या सर्वांशी श्रवणमार्गाचे धागे जोडलेले आहेत. म्हणून अचानक झालेल्या आवाजाने तान्हे बाळ दचकते, अंगाईने निवते आणि ढोलावर काठी पडली की आपला पाय आपसूक हलू लागतो. ध्वनीचा मनावर परिणाम होतो, यात शंका घेण्यासारखे काही नाही. वाद आहे तो त्याच्या मार्गाविषयी.

मेंदूच्या लहरी

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत्-लहरी प्रथम नोंदवल्या व १९२९ मध्ये आपला शोध प्रसिद्ध केला. त्यातूनच आजची इ.ई.जी. तपासणी जन्मली. या लहरींचे त्यांच्या गतीनुसार गट पाडले जातात. सेकंदाला ४ हून कमी आवर्तने असलेल्या डेल्टा लहरी गाढ झोपेत, ४ ते ८ च्या थीटा लहरी पेंगताना, ८ ते १३ च्या अल्फा लहरी डोळे मिटून स्वस्थ बसले असता, त्याहून जलद बीटा लहरी जागृत व्यवहारात, आणि ३० च्या पुढच्या गॅमा लहरी लक्ष एकाग्र करण्यासारख्या कामांत ठळकपणे दिसतात.

येथेच एका मोहक तर्काला वाव मिळतो. गाढ झोपेत डेल्टा लहरी असतात. तेव्हा कानातून डेल्टा गतीचा ठोका दिला तर मेंदूत डेल्टा लहरी उठतील आणि झोप लागेल! या तर्काचा पूर्वार्ध अर्धवट खरा आहे. ठरावीक गतीने ध्वनी ऐकवला तर श्रवणमार्गातील पेशी त्या गतीला प्रतिसाद देतात. सेकंदाला ४० वेळा चढ-उतार होणाऱ्या ध्वनीला मेंदू त्याच गतीचा स्थिर प्रतिसाद देतो, असे रॉबर्ट गॅलांबोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. याच तत्त्वाचा विस्तार करून आज झोपलेल्या तान्ह्या बाळाची श्रवणक्षमता मोजता येते. 'ऐकू येते का?' या प्रश्नाला जे बाळ उत्तर देऊ शकत नाही, त्याच्या वतीने त्याचा मेंदू उत्तर देतो. आम्हा बालरोगतज्ज्ञांसाठी ही फार मोठी देणगी आहे.

उत्तरार्ध मात्र टिकत नाही. लहर ही अवस्थेची खूण आहे, अवस्थेचे कारण नव्हे. ताप आल्यावर पारा चढतो, म्हणून थर्मामीटर गरम पाण्यात बुडवल्याने ताप येत नाही.

हे पडताळण्यासाठी भेस्तानकरांना प्रयोगशाळेत जावे लागत नाही. शटलचा साधा यंत्रमाग मिनिटाला सुमारे १२० ते १५० वेळा धोटा फेकतो, म्हणजे सेकंदाला २ ते अडीच ठोके. ही तर नेमकी डेल्टा लहरींची गती झाली. ठोक्याच्या गतीनेच मेंदूची अवस्था ठरत असती, तर पांडेसरा-भेस्तानच्या शेडमधला प्रत्येक कारागीर बारा तासांच्या पाळीत गाढ झोपलेला आढळला असता. प्रत्यक्षात तो एकाच वेळी अनेक मागांवर डोळा ठेवून तुटलेला धागा क्षणात सांधत असतो. त्याचा मेंदू त्या ठोक्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेला असतो. इतका, की वीज गेली आणि माग थांबले की ती शांतताच त्याला दचकवते.

दोन कानांत दोन सूर

मोबाईलवर 'बायनॉरल बीट्स' या नावाने जे विकले जाते, त्यामागचे तत्त्व जुने आहे. तंबोरा जुळवताना जोडीच्या तारांत किंचित फरक असला की ध्वनीत एक प्रकारची लाट उठते आणि तारा जुळल्या की ती विरते, हा अनुभव गाणे शिकलेल्या प्रत्येकाला असतो. तेथे दोन ध्वनी हवेतच मिसळतात. एका कानात २०० हर्ट्झचा व दुसऱ्या कानात २१० हर्ट्झचा ध्वनी स्वतंत्रपणे दिला, तर हवेत काहीच मिसळत नाही. तरीही ऐकणाऱ्याला सेकंदाला १० लाटा जाणवतात. हा संयोग मेंदूच्या बुंध्यात होतो. दोन्ही कानांचे संदेश तेथे प्रथम एकत्र येतात आणि ध्वनी कोणत्या दिशेने आला हे ओळखण्याचे कार्य चालते. हाइनरिख डोव्हे या प्रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवली, आणि जेराल्ड ऑस्टर यांच्या १९७३ मधील लेखाने तिच्याकडे वैद्यकाचे लक्ष वेधले.

ऑस्टर यांना या लाटांत निदानाचे एक साधन दिसले होते. पुढे तिचे ध्यानाच्या, झोपेच्या, एवढेच नव्हे तर नशेच्या ध्वनिफितींत रूपांतर झाले. पौगंडावस्थेतील मुलांत 'डिजिटल नशा' म्हणून अशा फितींची देवाणघेवाण होते. या ध्वनीने मेंदूच्या लहरी खरोखर त्या गतीला बांधल्या जातात काय, हे तपासणाऱ्या १४ अभ्यासांचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५ अभ्यासांत अनुकूल, ८ मध्ये प्रतिकूल व एकात संमिश्र निष्कर्ष निघाले. काही छोट्या अभ्यासांत शस्त्रक्रियेपूर्वीची भीती थोडी कमी झाल्याचे दिसते, पण शांत संगीतानेही ती कमी होते. तेव्हा दहावीच्या मुलाच्या आईला मी असे सांगतो: या ध्वनीने स्मरणशक्ती वाढणार नाही, नशाही चढणार नाही. मात्र रात्रभर कानांत बोंडे घालून झोपल्यास झोपेत व्यत्यय येऊ शकतो, कानाला इजा होऊ शकते. आणि दिवसा वाचलेले मेंदूत पक्के करण्याचे काम करते ती अखंड झोपच.

आकड्यांची मोहिनी

४३२ हर्ट्झ हा निसर्गाचा सूर, ५२८ हर्ट्झ पेशी दुरुस्त करणारा सूर, असे दावे सुशिक्षितांतही सर्रास ऐकू येतात. हर्ट्झ हे माप सेकंदावर आधारलेले आहे आणि सेकंद हा माणसाने ठरवलेला काळाचा तुकडा आहे. सेकंदाची लांबी थोडी वेगळी ठरवली असती, तर त्याच सुराचा आकडा वेगळा आला असता. मग त्याची जादू नाहीशी झाली असती काय? शिवाय आपल्या संगीतात 'सा' कोणत्याही एका आकड्याला बांधलेला नाही. काळी एक, पांढरी पाच, ज्याच्या गळ्याला जी पट्टी मानवेल ती त्याची. एकाच रागाने एका मैफलीत डोळे पाणावतात आणि दुसऱ्या गायकाच्या वेगळ्या पट्टीतही पाणावतात. परिणाम स्वरांच्या परस्पर नात्यात आहे, एकट्या आकड्यात नाही.

एका आकड्याविषयी मात्र गंभीर संशोधन चालू आहे आणि त्याची नोंद प्रामाणिकपणे घ्यायला हवी. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत ली-हुएई त्साई यांच्या गटाला २०१६ मध्ये, अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना ४० हर्ट्झने लुकलुकणारा प्रकाश दाखवल्यावर त्यांच्या मेंदूतील घातक प्रथिन कमी झालेले दिसले. २०१९ मध्ये ४० हर्ट्झच्या ध्वनीनेही तसेच आढळले. परंतु २०२३ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेला प्रकाशाचा तो परिणाम पुन्हा दिसला नाही. माणसांवरील चाचण्यांतून निर्णायक उपचार अजून हाती आलेला नाही. तेव्हा आजी-आजोबांसाठी ४० हर्ट्झचे यंत्र विकायला कोणी आले, तर तूर्त त्याला चहा पाजून परत पाठवावे.

ढोल, संबळ आणि अंगात येणे

आता तिसऱ्या, सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. गोंधळ्याचे संबळ, हलगी, खान्देशातील भगताचा डफ, गुजरातेतील भुव्याचे डाकले, या वाद्यांच्या साथीने माणसे घुमतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे घडते तरी काय?

अँड्र्यू नेहर यांनी १९६१ व १९६२ मध्ये असे मांडले की, ढोलाची विशिष्ट गती मेंदूच्या लहरींना ओढून नेते आणि त्यामुळे भान हरपते. संगीत व तंद्री यांवर १९८० मध्ये मोठा ग्रंथ लिहिणारे फ्रेंच अभ्यासक गिल्बेर रुजे यांनी त्यावर मार्मिक आक्षेप घेतला. ढोलाने आपोआप भान हरपत असेल, तर रोज ढोल वाजणाऱ्या प्रदेशात कोणी शुद्धीवरच राहायला नको. त्याच संबळासमोर शंभर माणसे बसलेली असतात, पण घुमतात एक-दोनच. स्वतः संबळ वाजवणारा तर सर्वांत सावध असतो. मागाच्या शेडमधला आपला अनुभवही हेच सांगतो.

तरीही ध्वनीचा वाटा नाकारता येत नाही. तो असा. पहिली गोष्ट, ठोका ओळखणे आपल्या रक्तातच आहे. हंगेरीतील संशोधकांनी २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ताल ऐकवला. त्यातील मुख्य ठोका गाळला की त्यांच्या इ.ई.जी.त चूक ओळखल्याची खूण उमटत असे. दुसरी गोष्ट, मोठा व खर्जाचा आवाज आपण केवळ ऐकत नाही, तो शरीरात शिरतो. अंतर्कर्णात तोल सांभाळणारे इंद्रियही अशा आवाजाने उद्दीपित होते. कॅनडातील एका जलशात कानाला जवळजवळ ऐकू न येणारा अतिखर्ज मधूनमधून सोडण्यात आला, तेव्हा प्रेक्षकांचे नाचणे सुमारे १२ टक्क्यांनी वाढले, असा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी गोष्ट, लय चढत जाते, श्वास जलद होतो. जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, हातपायांना मुंग्या येतात, डोके हलके होते. त्यात उपवास, जागरण, धूप, गर्दी. आणि चौथी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अपेक्षा. अंगात कसे येते, केव्हा येते, आल्यावर कसे वागायचे, हे ती व्यक्ती लहानपणापासून पाहत आलेली असते. ध्वनी दार उघडतो. आत काय दिसणार हे आपल्या संस्कारांनी आधीच ठरवलेले असते.

याचा अर्थ ती व्यक्ती सोंग करते असा नव्हे. जाणिवेचे असे विलगीकरण खरे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही त्याची स्वतंत्र नोंद आहे. मात्र समाजमान्य धार्मिक प्रसंगी, सर्वांच्या संमतीने व कोणालाही इजा न होता घडणाऱ्या तंद्रीला ते वर्गीकरण रोग मानत नाही. कानबाईपुढे फुगडी खेळता खेळता एखाद्या माउलीचे भान हरपले, भोवतालच्या बायकांनी तिला सावरले, हळदी-कुंकू लावले आणि ती मोकळी होऊन घरी गेली, तर तेथे डॉक्टरचे काही काम नाही. वर्षभर मुकाट्याने सोसणाऱ्या बाईला बोलण्याची ती एकच जागा असेल, तर विचार घरच्यांनी करायचा आहे.

डॉक्टरचे काम सुरू होते ते मुलांच्या बाबतीत. माझ्या सहव्यवसायी मित्रांनाही हा अनुभव असेल, की 'अंगात येणे' म्हणून महिनोन्महिने भगताकडे नेलेल्या काही मुलांना प्रत्यक्षात फेफरे असते. फरक ओळखणे पालकांना कठीण नाही. फेफरे वाद्याची वाट पाहत नाही. ते झोपेत, शाळेत, एकटे असताना कोठेही येते. प्रत्येक वेळी त्याचे रूप बहुधा सारखे असते. डोळे उघडे व एकाच जागी खिळलेले, जीभ चावली जाणे, कपड्यांत लघवी होणे, नंतर गुंगी येणे, या त्याच्या खुणा आहेत. क्वचित एखाद्या विशिष्ट संगीतानेच झटका सुरू होतो. मॅकडोनाल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. म्हणून 'गाणे लागले की होते' एवढ्यावरूनही फेफरे नाही असे ठरवू नये. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये आणि ५ मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे. बहुसंख्य मुलांचे फेफरे नियमित औषधाने आटोक्यात राहते. चाबकाने, धुरीने किंवा डफाने ते बरे होत नाही. मधल्या काळात मुलाचे शाळेचे वर्ष मात्र जाते, आणि कधी जीवही.

ज्या मुलीच्या अंगात खरोखर 'येते', तिलाही मारून किंवा लाजवून चालत नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलीने हा मार्ग का धरला, हे शोधावे लागते. शाळा सुटण्याचे भय, घरातील भांडण, ठरत आलेले लग्न, कोणाचा नकोसा स्पर्श, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. तिच्याशी एकांतात, धीराने बोलणे हाच उपचाराचा आरंभ होय.

संथ नादाचे सामर्थ्य

द्रुत लय भान हरपवते, तशी संथ लय भानावर आणते. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी व्यक्तींचा अभ्यास केला. ख्रिस्ती जपमाळ किंवा एक बौद्ध मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर येते आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील होते, असे त्यांना आढळले. दोन भिन्न धर्मांच्या, भिन्न भाषांतील जपांचा परिणाम एकच निघाला, कारण दोन्हींनी श्वास लांबवला होता. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १२ जणांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात ओंकार म्हणताना मेंदूतील भावनाकेंद्रांचे कार्य मंदावल्याचे दिसले. गुणगुणल्याने नाकातील नायट्रिक ऑक्साइड हा उपयुक्त वायू अनेक पटींनी वाढतो, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये मोजून दाखवले. हरिपाठ म्हणणाऱ्या आजोबांना हे हवे तर सांगावे, न सांगितले तरी बिघडत नाही. त्यांचा श्वास ते काम करीतच असतो. वाचकांनी लक्षात घ्यावे की या सर्व उदाहरणांत नाद विकत आणलेला नाही. तो स्वतःच्या गळ्यातून निघाला आहे.

पोटातले व पाळण्यातले बाळ

गर्भाच्या सुमारे सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ ध्वनीला प्रतिसाद देऊ लागते. तेथे त्याला मुख्यतः आईच्या हृदयाची धडधड, तिच्या आतड्यांची गुडगुड आणि तिचा आवाज ऐकू येतो. डिकॅस्पर व फायफर यांनी १९८० मध्ये दाखवले की, तीन दिवसांच्या आतले बाळ परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलते. म्हणजे गर्भसंस्कार होतो. पण तो आईच्या बोलण्याने. पोटावर स्पीकर ठेवण्याची गरज नाही, आणि मोठ्या आवाजात तर मुळीच ठेवू नये.

मोझार्टच्या संगीताने बाळ हुशार होते, ही समजूत १९९३ मधील एका प्रयोगातून पसरली. तो प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, बाळांवर नव्हे. आणि त्यात दिसलेला फायदा जेमतेम १०-१५ मिनिटे टिकला होता. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची तबकडी देण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद सुचवली! याउलट, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११ रुग्णालयांतील २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अभ्यासात आईवडिलांनी निवडलेली अंगाई प्रत्यक्ष गाऊन ऐकवल्यावर बाळांच्या हृदयाची गती शांत झाली आणि पालकांची चिंताही घटली. आपल्या अहिराणी आईची ओवी कोणत्याही तबकडीपेक्षा सरस आहे, असे म्हणायला आता शास्त्राचाही आधार आहे.

ध्वनीची खरी किंमत

गूढ वारंवारतांची चर्चा करताना ध्वनीचा जो परिणाम निर्विवाद आहे त्याकडे आपले दुर्लक्ष होते. तो परिणाम हर्ट्झचा नाही, डेसिबलचा आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० व मुलांसाठी ७५ डेसिबल, तेही आठवड्याला ४० तास, ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सुचवली आहे. शटल मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. तेथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचे उंच स्वर आधी जातात, आणि बायका-मुलांचे बोलणे त्याच स्वरांवर समजत असते. 'बाबा ऐकतच नाहीत' या तक्रारीमागे अनेक घरांत बाबांचा स्वभाव नसून मेलेल्या केसपेशी असतात. मिरवणुकीत डी.जे.च्या भिंतीपुढे खांद्यावर घेतलेले मूल ही हानी एका संध्याकाळीही पदरात पाडून घेऊ शकते.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिक्षेपकांच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. वर्षातील मोजक्या सणांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. कायदा आहे. तो पाळण्याची सुरुवात आपल्या मंडळांपासून, म्हणजे जेथे आपल्यातलेच डॉक्टर अध्यक्ष किंवा सल्लागार असतात तेथून, व्हायला हवी.

पालकांसाठी थोडक्यात

१. प्रत्येक नवजात बाळाची श्रवण-तपासणी पहिल्या महिन्यात करून घ्यावी. दोष आढळल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. 'बापही उशिरा बोलायला लागला होता' म्हणून थांबू नये.

२. मुलाच्या फोनचा आवाज कमाल पातळीच्या निम्म्याच्या आसपास ठेवावा व झोपताना कानांतील बोंडे काढावीत.

३. मिरवणुकीत तान्ह्या व लहान मुलांना ध्वनिक्षेपकांजवळ नेऊ नये. नंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर ती इजेची खूण समजावी.

४. मागावर काम करणाऱ्यांनी कानांत संरक्षक बोळे वापरावेत व वर्षातून एकदा श्रवणमापन करावे. साध्या कापसाने पुरेसे संरक्षण मिळत नाही.

५. वारंवार भान हरपणाऱ्या मुलाला प्रथम डॉक्टरकडे न्यावे. देवाला नंतरही नमस्कार करता येतो.

६. घरात रोज थोडा वेळ दूरदर्शन व फोन बंद ठेवून एकत्र काहीतरी म्हणावे: परवचा, हरिपाठ, आवडीचे गाणे, काहीही.

नादाला आपल्या परंपरेने ब्रह्म म्हटले आहे. त्याची महती मोजण्यासाठी कोणत्याही आकड्याची आवश्यकता नाही. त्याचा परिणाम होतो तो कानातून, श्वासातून, देहाच्या हालचालीतून, भोवतालच्या माणसांतून आणि मनाच्या तयारीतून. यांतील बहुतेक गोष्टी आपल्याजवळ विनामूल्य आहेत. विनामूल्यच मिळालेली, पण पुन्हा कधीही न मिळणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे मुलाचे शाबूत कान. ते सांभाळण्याची जबाबदारी पालकांनी आणि आम्हा डॉक्टरांनी मिळून घ्यावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने सर्वांना नम्र विनंती.